थोरल्याचा दगड

आमच्या मळ्यामागच्या टेकडीवरचं बुद्धाचं जुनं देऊळ नवं बांधून लोकांसाठी उघडलं, पेपरात त्याचे फोटो आले, तरी आईला तिथं घेऊन जायचं मी अडीच महिने टाळलं. आज गर्दी असेल, आज ऊन लागेल, आज शेवंतीवर फवारणी आहे, आज टेम्पो मार्केटला गेलाय. माणसाला कारणं सुचायला लागली की ती पालकाच्या भाजीसारखी कापावी तितकी फुटतात. आईचं म्हणणं मात्र साधं होतं. "मला नवं देऊळ बघायचंच नाय. आपला दगड हाय का तेवढा बघते आन येते." आणि दगड तिथं नव्हता. तो का नव्हता, हे सगळ्या गावात मला सर्वांत नीट ठाऊक होतं.

दगडाचं आधी सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला यात एवढं काय, असं वाटेल.

आमचं गाव आता नावापुरतं गाव आहे. निम्मं शिवार प्लॉटिंगमध्ये गेलं, उरलेल्या निम्म्यात आम्ही चार-सहा घरं अजून झेंडू, शेवंती, गुलाब लावतो आणि पहाटे नाशिकच्या फुलबाजारात नेऊन विकतो. मळ्यामागं एक बुटकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावर खडकात कोरलेली एक खोली, आत भिंतीतच कोरलेला मांडी घालून बसलेला बुद्ध. पुढं कधीकाळी विटांचा मंडप असावा, आमच्या लहानपणी त्याचे नुसते खुंट उरले होते. कुठल्या सरकारी खात्याच्या यादीत ते नव्हतं. आमच्या बायाबापड्या त्याला 'बसलेला बाबा' म्हणायच्या. एकलहऱ्याच्या, नाशिकरोडच्या वस्त्यांतली बौद्ध मंडळी बुद्धपौर्णिमेला पांढरे कपडे घालून यायची, मेणबत्त्या लावायची, वंदना म्हणायची. ती त्याला बुद्ध म्हणायची, आम्ही बाबा म्हणायचो, आणि यावरून कधी भांडण झालं नाही, कारण तो स्वतः कुणालाच काही म्हणत नव्हता.

या बाबाच्या पायाशी आमच्या गावचे दगड असायचे. घरातलं माणूस परगावी निघालं की त्यानं आपल्या शेताच्या बांधावरचा मुठीएवढा एक दगड घ्यायचा, टेकडीवर जाऊन बाबाच्या पुढ्यात ठेवायचा आणि मग वाट धरायची. परत आलं की घरात पाय टाकण्याआधी वर जायचं, आपला दगड आपल्या हातानं उचलायचा आणि बांधावर टाकायचा. बाहेरच कुणी मेलं तर घरच्या माणसानं तो दगड उचलून गोदावरीत सोडायचा. दगड तिथून हलायचा तो या दोनच कारणांनी. दुसऱ्याच्या दगडाला कुणी हात लावत नसे. लहान पोरंसुद्धा लावत नसत, आणि आमच्याकडची पोरं काही साधुसंत नव्हती.

माझा थोरला भाऊ एकोणीस वर्षांचा असताना घर सोडून गेला. दसऱ्याचा आदला दिवस होता. झेंडूचं वर्षाचं पीक त्या एका दिवसावर असतं. त्यानं क्रेट भरायला उशीर केला, टेम्पो निघून गेला, आणि वडिलांनी त्याला तोडणीला आलेल्या बायकांसमोर थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एवढंच म्हणाला, मनमाडला चाललोय, तिथं रेल्वेच्या ठेकेदाराकडं काम आहे. मी सोळाचा होतो. मला वाटलं, चार दिवसांनी येईल.

तो दगड न ठेवताच गेला, म्हणून आईनं त्याच्या वतीनं ठेवला. विहिरीजवळच्या बांधावरचा, काळा, मधून पांढऱ्या गारेची रेघ गेलेला. वडील दोन वेळा मनमाडला जाऊन आले, स्टेशनवर, यार्डात, चहाच्या टपऱ्यांवर विचारून आले. कुणी म्हणालं होता, कुणी म्हणालं भुसावळकडं गेला. त्यानंतर काहीच नाही. पत्र नाही, फोन नाही. वडील गेले तेव्हाही नाही. सव्वीस वर्षं झाली. गुडघे चालत होते तोवर आई दर पौर्णिमेला वर जायची, त्या दगडावरची धूळ पदरानं पुसायची आणि खाली येऊन म्हणायची, "हाय तिथंच." म्हणजे थोरला आला नाही, पण मेलाही नाही. तिला तेवढं महिनाभर पुरायचं.

मला मात्र ते पुरत नव्हतं. मी राहिलो होतो. मी क्रेट भरले, वडिलांचं दुखणं काढलं, त्यांना अग्नी दिला, मळा राखला, लग्न केलं, आईचे गुडघे दाखवायला दवाखान्याच्या चकरा मारल्या. आणि आई ताटावर बसली की दाराकडं तोंड करून बसायची. मी तिच्या समोर बसलेला असायचो, आणि ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायची. हे सांगताना मला लाज वाटते. चाळिशी उलटलेल्या माणसानं आईच्या नजरेवरून मनात डूख धरावा हे शोभत नाही. पण होतं ते होतं.

चार वर्षांपूर्वी एका ट्रस्टची माणसं गावात आली. जुन्या देवळाची पडझड थांबवायची, कोरीव खोली जपायची आणि पुढं नव्या पद्धतीचं दालन बांधायचं असा त्यांचा बेत होता. चांगली माणसं होती. त्यांनी नकाशे भिंतीवर लावून दाखवले, गाडीरस्ता होईल, म्हाताऱ्या माणसांना वर जाता येईल असं सांगितलं. गावातर्फे बोलायला मला पुढं केलं होतं, कारण मी बारावी शिकलेला आणि मला समितीत बसायची हौस. त्या बैठकीला एकलहऱ्याचे एक काका होते. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, दर रविवारी स्कूटरवर केरसुणी बांधून यायचे आणि बाबाची खोली झाडायचे. झाडताना दगड मात्र एकेक करून वगळायचे. बैठकीत त्यांनीच विषय काढला.

"आत गावाचे तीसेक दगड आहेत," काका म्हणाले. "ज्यांचे त्यांना विचारा. ज्यांना न्यायचे त्यांना नेऊ द्या. मगच काम सुरू करा."

लोक हसले. एकानं म्हटलं, आता पोरगं पुण्याला गेलं तर मोबाईलवर ते कुठल्या चौकात उभं हाय ते दिसतं, दगड कशाला. खरंच दहा-बारा वर्षांत कुणी नवा दगड ठेवला नव्हता. जे होते त्यातल्या बऱ्याच दगडांचे मालक कोण, हेही कुणाला सांगता आलं नसतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "तसं काही नाही काका. जुनी समजूत आहे. दगडच ते. काढून टाका."

काका म्हणाले, "तुमच्या आईंना विचारलंत?"

"विचारलंय," मी म्हणालो.

विचारलं नव्हतं.

काम सुरू झालं त्या दिवशी मी वर होतो. मजूर सुरगाण्याकडचे होते. त्यांनी दगडांची ती रास बघितली, कुणाला तरी विचारून घेतलं आणि हातातली घमेली खाली ठेवली. आम्ही हात लावणार नाही, म्हणाले. गावातल्या माणसानं आधी उचलावा, मग बाकीचे आम्ही उचलू. मुकादम वैतागला. ट्रॅक्टर ट्रॉली लावून उभा होता. काका बाजूला उभे होते. मी पुढं झालो. तिथं तीस दगड होते. कुठलाही उचलता आला असता. मी वाकलो आणि पांढऱ्या रेघेचा उचलला.

आजही कुणी विचारलं, चुकून हाताला लागला का, तर नाही. मी तो ओळखला होता. वाकायच्या आधीच ओळखला होता. तो हातात घेतला तेव्हा मनात म्हणालो, बस झालं आता. ट्रॉलीत टाकला. मग मजुरांनी बाकीचे टाकले, आणि ते सगळे नव्या दालनाच्या जोत्याच्या भरावात गेले. वर मुरूम, त्यावर काँक्रीट. संध्याकाळी घरी आलो. आईनं विचारलं, "वर काय चाललंय?" मी म्हणालो, "पत्रे लावलेत, आत जाऊ देत नाहीत." तिचे गुडघे तोवर बसले होते. मला वाटलं, काम संपेस्तोवर ती विसरेल. मी आईला ओळखत नव्हतो, दुसरं काय.

तर अडीच महिने टाळून झाल्यावर एका बुधवारी बायको म्हणाली, "आज मीच रिक्षा बोलावते आणि नेते त्यांना." मग मीच गाडी काढली.

आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि टोपलीत झेंडू घेतला, सकाळी तोडलेला, चांगला टपोरा. नवा रस्ता अगदी वरपर्यंत जातो. ज्या चढणीवर तिचे गुडघे गेले ती गाडीनं दोन मिनिटांत संपली. ती म्हणाली, "हे बरं केलं बाबा ज्यानी केलं त्यानी."

देवळाबद्दल खोटं कशाला बोलू, ते मला आवडलं. पांढऱ्या काँक्रीटचं वळत गेलेलं छप्पर, कुठं खांब नाही, कळस नाही, रंग नाही. डाव्या बाजूला पुरी काचेची भिंत, तिच्यातून खाली सगळा मळा दिसतो, आमच्या घराचे पत्रेसुद्धा. छपराला मधोमध एक गोल झरोका ठेवलाय, त्यातून उजेड खाली उतरतो आणि जमिनीवरनं सरकत दुपारी बाबापाशी पोचतो. आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. ज्यानं कुणी हे काढलं त्याला शांततेबद्दल काहीतरी कळत होतं. एवढंच की ती शांतता आणायला त्यानं तिथलं सगळं आधी बाहेर काढलं होतं.

दाराशी निळ्या गणवेशातली एक मुलगी होती. तिनं चपलांचं टोकन दिलं आणि टोपलीकडं बोट केलं. "आजी, फुलं आत नाही नेता येत. फरशीला डाग पडतात. तिकडं ट्रे आहे, त्यात ठेवा."

"आमच्याच मळ्यातली हायेत," आई म्हणाली.

"हो आजी, पण नियम आहे."

चपलांच्या रॅकशेजारी स्टीलचा ट्रे होता. आईनं टोपली त्यात उपडी केली. दोन-चार फुलं खाली पडली ती वाकून उचलली. मी समितीत होतो, फुलांवर पोट भरणाऱ्या गावाच्या देवळात फूल न्यायला बंदी हा नियम माझ्या सहीनंच झाला होता. तेव्हा मी तो वाचलासुद्धा नव्हता.

आत काळ्या ग्रॅनाईटवर आई माझं कोपर धरून चालली. फरशी इतकी गुळगुळीत की ती पाय उचलतच नव्हती, सरकवत होती. बाबाची खोली स्वच्छ घासली होती. काजळी गेली होती, तेलाचे ओघळ गेले होते, खडकाचा मूळचा राखाडी रंग बाहेर आला होता. बाबाचं नाक झिजलेलं ते तसंच. पुढं काच. आईनं हात जोडले नाहीत. तिनं आधी त्याच्या पायांकडं बघितलं. मग काचेच्या या बाजूला, त्या बाजूला, भिंतीच्या कडेनं. फरशी बाबाच्या पायापर्यंत सलग गेली होती.

"दगड कुठं हायेत?"

गणवेशातली मुलगी मागून आली होती. "कसले दगड?" तिनं खरंच विचारलं. तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

एकलहऱ्याचे काका तिथंच कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. आता ते रोज दुपारी येऊन बसतात, कुणी विचारलं तर माहिती सांगतात. झाडायला आता यंत्र आहे. त्यांनी आईला बघितलं, मला बघितलं, आणि ते उभे राहिले. मी बोलावं म्हणून ते थांबले होते, हे मला कळत होतं.

"काम करताना काढले असतील आई," मी म्हणालो.

"कोणी?"

"मजुरांनी."

"मजूर लोकं दुसऱ्याच्या दगडाला हात लावत नसत्यात," आई म्हणाली. ते खरंच होतं.

ती बाकावर बसली. झरोक्यातला उजेड हातभर सरकला. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सव्वीस वर्षांत बघितलं नव्हतं. ती हसली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आरं, तो आला व्हता. थोरला आला व्हता. बाकीचे ज्यांचे त्यांनी नेले असत्याल, आन त्यानं त्याचा दगड उचलला."

काका दाराबाहेर गेले.

तिचं हसू किती टिकलं? उठून दोन पावलं चालेपर्यंत. डाव्या हाताला ती काचेची भिंत होती आणि काचेतून खाली आमचे पत्रे दिसत होते, दारातली रिकामी खाट दिसत होती. आई तिथं थांबली. ती हिशेब जुळवत होती हे मला दिसत होतं. इथवर आला. इथून घर दिसतं. खाट दिसते. आणि तो खाली आला नाही.

गाडीत ती रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात कसे गेले ते सांगवत नाही. पहिले काही दिवस ती विचारत सुटली. दूधवाल्याला, शेजारणीला, तोडणीच्या बायकांना. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी अनोळखी माणूस टेकडीकडं जाताना दिसला का, उंच, डावा पाय किंचित ओढत चालणारा? बाया बिचाऱ्या तिचं मन राखायला म्हणायच्या, असंल मावशी, एक दिसला व्हता खरा. त्यानं आणखी बिघडत गेलं. कुठल्याशा उन्हाळ्यात एका दुपारी कुत्रं खूप भुंकलं होतं, तेव्हाच आला असणार, आणि मी झोपले होते, असं तिनं स्वतःला लावून घेतलं. मग विचारणं थांबलं. मग जेवण थांबलं. अर्धी भाकरी घ्यायची, चिवडून ठेवायची. ताटावर बसताना दाराकडं तोंड करून बसायची ती आता पाठ करून बसायला लागली. मी तिच्या समोर असायचो आणि आता ती कुठंच बघत नव्हती.

एका रात्री बायकोला म्हणाली, "मेला असता तर रडून मोकळी झाले असते गं. जित्ता हाय, आन मी नको त्याला."

हे माझ्या हातचं होतं. सव्वीस वर्षं जे वडिलांनी थोबाडीत मारल्यानं झालं नाही, मनमाडच्या रेल्वेनं झालं नाही, ते मी एका वाकण्यात करून ठेवलं होतं. तिला आशेवर ठेवणारी एकच गोष्ट होती, ती मी जोत्यात पुरली होती.

काका एकदा मळ्यावर आले. स्कूटर बांधालाच लावली, आत आले नाहीत. म्हणाले, "तुमच्या आईंनी मला अजून विचारलं नाही. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, तेवढं मी पाळतो. पण ते माझ्याकडून ऐकायची वेळ त्यांच्यावर आणू नका." रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते रागावले नव्हते.

गणपती गेल्यानंतरचा मंगळवार होता. दुपारी आई शेडमध्ये शेवंती निवडत बसली होती, हात आपोआप चालत होते. मी तिच्यासमोर पोत्यावर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं. बैठक, मजूर, मुकादम, ट्रॉली. तुला विचारलं म्हणून काकांना खोटं सांगितलं तेही. "आई, थोरला आला नव्हता. दगड मी उचलला. मला माहीत होतं तो आपला आहे. माहीत असून उचलला."

तिचे हात थांबले नाहीत. डागी फूल बाजूला, चांगलं टोपलीत. मी वाट बघत होतो. ती मारेल, शिव्या देईल, छाती पिटेल, काहीही चाललं असतं.

"नाय," ती म्हणाली.

"आई, मी खरं सांगतोय."

"तू नाय उचलणार. तुला मी जन्म दिलाय." तिनं पहिल्यांदा वर बघितलं, सरळ माझ्याकडं. "बाप वारला तव्हा तू एकट्यानं सगळं केलंस. माझं हागणंमुतणं काढलंस गुडघ्याच्या टायमाला. तू भावाचा दगड उचलशील? दुसरं कोणीबी सांगितलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं."

इतकी वर्षं मी जे ऐकायला तिच्यासमोर बसत होतो, ते तिनं त्या दिवशी म्हटलं.

"काकांना विचार," मी म्हणालो. "ते होते तिथं."

"त्यांनाबी तूच पढवलं असशील. मला वाईट वाटू नये म्हणून करतोस. कळतं मला." तिनं हातातलं फूल ठेवलं. मग तिचा चेहरा बदलला. काहीतरी तिच्या ध्यानात आल्यासारखी ती पुढं झुकली आणि हळूच, शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं तरी हळूच, म्हणाली, "तू भेटलास त्याला. व्हय ना?"

"नाही आई."

"भेटलास. म्हणून तर त्याच्यावरचं आपल्या अंगावर घेतोयस. त्यानंच सांगितलं असंल, आईला बोलू नको म्हणून."

मी नाही म्हणत राहिलो. जितकं नाही म्हणालो तितकी तिची खात्री पटत गेली. शेवटी तिनं अगदी लहान आवाजात विचारलं, "कसा दिसतो रे आता?"

तीन आठवड्यांत तिनं काही मागितलं नव्हतं. मनगटांच्या काड्या झाल्या होत्या. मी तिच्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "केस पांढरे झालेत."

"सगळे?"

"कानापाशी."

"त्याच्या बापाचे तसेच झाले व्हते." ती थोडा वेळ ते मनात बघत राहिली. "बायको?"

"आहे. एक मुलगी पण."

"पायाचं?"

"तसाच चालतो."

त्या संध्याकाळी आईनं दीड भाकरी खाल्ली. बायको मला ओट्यापाशी म्हणाली, "काय सांगितलंत त्यांना?" मी म्हणालो, "खरं सांगितलं."

आता ती रोज विचारते. मुलीचं नाव काय, कितवीत आहे, त्याला कामावर डबा कोण देतं. मी सांगतो. आज सांगितलेलं उद्या विसरू नये म्हणून मी फुलबाजारातून येताना टेम्पोत मनाशी म्हणत येतो. कधीकधी मला तो दिसायलासुद्धा लागतो, आणि मग आठवतं की तो जिथं कुठं असेल, किंवा नसेल, तिथून आता त्याला परत आणायची वाट मीच बुजवली आहे. तो उद्या खरंच दारात आला, तर आई त्याला त्याच्या मुलीबद्दल विचारेल.

परवा तिनं शेवटचं विचारलं, जे ती इतके दिवस टाळत होती.

"माझं विचारलं त्यानं?"

"विचारलं."

"मग खाली का नाय आला?"

मी म्हणालो, "भ्यायला असेल. तू रागावली असशील म्हणून."

"मी? मी कशाला रागावू?" ती उठायला लागली, खांबाला धरून उभी राहिली. "त्याला म्हणावं आई रागावली नाय. येऊ नकोस राहायला, नुसतं तोंड दाखवून जा म्हणावं. सांगशील ना? कव्हा भेटणारेस परत?"

"दिवाळीत," मी म्हणालो.

तिनं माझ्या बायकोला कॅलेंडर खाली काढायला लावलं आणि दिवाळी कुठं आहे ते बोट ठेवून बघून घेतलं. काल तिनं पडवीतलं माझं जुनं सामान हलवायला सांगितलं, पोरीला झोपायला जागा लागेल म्हणाली. आज सकाळपासून ती स्वतः ती जागा सारवत बसली आहे, त्या गुडघ्यांनी.